तात्या हयात असताना काढलेली मिशी

सुमनचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगा भाजत होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी गॅस बंद केला की नाही हे आजही आठवत नाही. संध्याकाळी परत आल्यावर शेंगांचा कोळसा झालेला नव्हता, म्हणजे केला असावा. हणमंतभावजी सकाळी फिरून आले, चहा प्यायले, पेपर मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि बसल्याबसल्या गेले... हाक नाही, कण्हणं नाही. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून अख्खी गल्ली जागी करणारा माणूस, आणि जाताना शेजारच्या खोलीतल्या सुमनलासुद्धा कळलं नाही.

विजापूर रोडवरच्या त्यांच्या घरी मी आणि आमचे हे पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. दाराच्या पायरीवर भावजींची आत्या बसलेली. वय नव्वदीला टेकलेलं, पण आवाज अजून खणखणीत. शेजारच्या बायका तिला आत चला म्हणून विनवत होत्या आणि ती जागची हलत नव्हती. मला बघितलं तशी म्हणाली, "आलीस व्हय? जा, आदी तू आत जाऊन बघून ये, खरंच गेलाय का. मी मागं एकदा फसलेय. उगंच रडून बसायची न्हाय आता."

मला हसू आलं. अशा वेळी येऊ नये ते हसू, आणि आलं की आवरतही नाही. मी पदर तोंडाला लावून आत गेले. सुमन भावजींच्या उशाशी बसली होती. तिच्या कानाशी लागून मी आत्या काय म्हणतेय ते सांगितलं, आणि तिचेही खांदे हलायला लागले. भोवतीच्या बायकांना वाटलं दोघींना हुंदका आलाय. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी आणलं. आम्ही दोघी पदरात तोंड खुपसून हसत होतो आणि त्यातच रडत होतो, आणि समोर भावजी आपल्या झुबकेदार पांढऱ्या मिशांसकट शांत पडले होते. आत्या कशी फसली होती ते आता सांगायला हरकत नाही. ज्यांना लाज वाटायची त्यांची लाज केव्हाच ओसरली होती.

हणमंतभावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मित्र, एका शाळेत ड्रिलचे सर. मूळ वेळापूरचे. सहा फुटांचा देह, आणि त्या देहाच्या पुढे दोन पावलं चालणारी मिशी. पोरं सरांना नाही, मिशीला घाबरायची. ती वर चढली की सर रागात, खाली आली की सर खुशीत, एवढं पाचवीतल्या पोरालाही कळायचं. आमची हौशी नाटकमंडळी होती, आहे अजून. यंत्रमागाच्या कारखान्यावर एक हॉल आहे, मालकांनी तो आम्हाला तालमीला दिलेला. खाली माग सुरू असले की वर आम्ही घसा फोडून बोलायचो आणि वीज गेली की माग एकदम थांबायचे, मग आमची गुपितं, प्रेमं, कटकारस्थानं सगळी गल्लीभर ऐकू जायची. आमचे हे प्रकाशयोजना बघायचे, मी मिळेल ती बाईची भूमिका करायची आणि भावजी करायचे खलनायक. दरोडेखोर, सावकार, पाटील, सुलतान. त्यांना काही करावंच लागायचं नाही. मिशी आत यायची, लोक दचकायचे, की काम झालं.

स्वभाव मात्र अगदी उलटा. मांजर आडवं गेलं तर थांबून त्याला "जा बाबा" म्हणणारा माणूस. तालमीत मला थप्पड मारायचा प्रसंग असला की आधी शंभर वेळा माफी. "वहिनी, लागलं न्हाय न्हवं?" आणि हात माझ्या गालापासून वीतभर लांब. मला ते कायम वहिनीच म्हणायचे. नाटकात मी त्यांची आई असो, बहीण असो की बटीक.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी स्पर्धेसाठी आम्ही एक जुनी, मोठी शोकांतिका करायला घेतली. मंदार नावाचा तरुण दिग्दर्शक पुण्याला शिकून परत आला होता, त्याने तिचं आपल्याकडच्या मातीत रूपांतर केलं होतं. गोष्ट तशी साधी. एक शूर सरदार, त्याच्यावर जीव टाकणारा म्हातारा राजा. राजा एका रात्री सरदाराच्या घरी पाहुणा म्हणून येतो. गादी सरदाराच्या मनात भरलेली असते, पण हात धजत नाही. मग बायको त्याला डिवचते, तो झोपलेल्या राजाला मारतो, सकाळी सगळ्यांच्या बरोबर गळा काढून रडतो आणि त्यानंतर उभ्या जन्मात त्याला सुखाची झोप लागत नाही. सरदार भावजी, बायको मी. माझ्या तोंडी एक वाक्य होतं, "दाराआड उभं राहून घाम पुसणाऱ्याला या घरात सरदार म्हणत नाहीत." ते मी पहिल्यांदा जोरात म्हटलं तेव्हा भावजी खरोखरच दोन पावलं मागे सरकले.

मंदार म्हणायचा, "सर, ही बाई त्याला दुष्ट हो म्हणतच नाहीये. ती त्याला पुरुष हो म्हणतेय. आणि त्याला ते सहन होत नाही. सगळं नाटक त्या एका जागेवर उभं आहे." भावजी मान डोलवायचे, पुन्हा करायचे आणि पुन्हा तोच दरोडेखोर उभा राहायचा. छाती पुढे, डोळे मोठे, मिशी ताठ. आठ-दहा दिवस हेच. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत एकदा मंदार त्यांच्या समोर उभा राहिला, त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, माणूस घाबरला की आधी त्याचा वरचा ओठ सांगतो. तुमचा ओठ मला दिसतच नाही. मिशी काढावी लागेल."

हॉलमधले सगळे भावजींकडे बघायला लागले. मंदार तरुण, त्याच्या ओठावर मुळातच काही नव्हतं, त्यामुळे आपण काय बोललो हे त्याला कळायला वेळ लागला. आमच्याकडे वडील हयात असताना मिशी काढत नाहीत. ती काढायची वडिलांना पोचवल्यावर. आणि भावजींचे वडील, तात्या, वेळापूरला ठणठणीत होते. जुने पैलवान, पंचाहत्तरी ओलांडलेली, रोज सकाळी शेतावर फेरी आणि भावजींना लाजवील अशी मिशी. मिशी काढणं म्हणजे तात्यांना जिवंतपणी मारणं. भावजी हसून "बघू" म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. चहाची बशी हातात धरून म्हणाले, "वहिनी, मी वीस वर्षं नाटकात हाय. लोक टाळ्या वाजवत्यात, पण मला न्हाय, मिशीला. एकदा तरी कुणीतरी मला बघावं की." एवढा मोठा माणूस आणि हे बोलताना कानापर्यंत लाल झाला होता. त्यांना काय हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं. बक्षीस नव्हतं हवं, म्हणजे तेही हवंच होतं, पण त्याहून जास्त हे हवं होतं.

ते तरीही डगमगतच होते. शेवटी सुमननेच निकाल लावला. ती म्हणाली, "काढा की! लग्न झाल्यापासून मी अर्ध्याच तोंडाबरोबर संसार करतेय. मलाबी बघू दे खाली काय हाय ते. का घाबरता?" ते 'का घाबरता' त्यांना बरोबर लागलं. नाटकात मी आठ-दहा दिवस जे करत होते ते सुमनने ओट्याशी भाकरी थापता थापता करून टाकलं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भावजी सात रस्त्याजवळच्या त्यांच्या नेहमीच्या न्हाव्याकडे गेले. "मिशी काढायचीय," म्हणाले. त्याचा हात थांबला. "कधी झालं, सर?" आणि इथे घोटाळा झाला. भावजींनी 'नाटकासाठी' असं सांगायचं होतं. पण दुकानात चार माणसं बसलेली. ड्रिलच्या सरांनी, पैलवानाच्या पोराने, तोंडाला रंग लावायचा म्हणून बाप असताना मिशी काढली, हे त्या चौघांसमोर म्हणायला त्यांची जीभ उचलेना. त्यांनी नुसते डोळे मिटले. न्हाव्याने त्याचा अर्थ लावला, "थोर माणूस होते," म्हणाला आणि मोठ्या आदराने मिशी उतरवली. डोक्यालाही मशीन लावणार होता, भावजींनी त्याचा हात धरला, "डोकं राहू दे." नोकरदार माणसं हल्ली असंच करतात, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. भावजी गेटातून आत शिरले तेव्हा शिपायाने सलाम करायचा तो हात जोडले. प्रार्थनेला सगळी शाळा रांगेत उभी, आणि मुख्याध्यापक माईकवर आले. सुट्टीत आपल्या क्रीडाशिक्षकांवर डोंगर कोसळला, तरीही ते आज पहिल्याच दिवशी कर्तव्यावर हजर आहेत, असं म्हणताना त्यांचा स्वतःचाच आवाज भरून आला. मग तात्यांसाठी दोन मिनिटं मौन. भावजी रांगेच्या टोकाला उभे, मान खाली, तोंड उघडायची सोय नाही. मौन संपलं आणि शाळा सोडून दिली. पोरं दप्तरं उडवत घराकडे पळाली. तात्यांवर त्या दिवशी सोलापुरातल्या पोरांनी जेवढं प्रेम केलं तेवढं कुणी केलं नसेल.

भावजी तडक आमच्या घरी आले. आमचे हे हसून हसून पलंगावर आडवे झाले. भावजी हसले नाहीत. मी त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदाच बघत होते आणि खरं सांगते, मला ओळखीचा वाटेना. ओठ चांगला नाजूक, कोवळा, आणि त्यावर त्यांचा काही ताबाच नव्हता. तो हलत होता. "वहिनी," ते म्हणाले, "नाटकात त्यो सकाळी सगळ्यांच्यात उभा राहून रडतो न्हवं? आज मी तसाच उभा व्हतो. तात्यांना मारलं मी. आता त्यांना कळलं तर काय तोंड दाखवू?" मुख्याध्यापकांना फोन करून खरं सांगा, असं आम्ही दोघांनी परोपरीने सांगितलं. ते "करतो, करतो" म्हणत राहिले आणि फोन काही केला नाही.

तोवर तिकडे पुढचा अंक सुरू झाला होता. आत्या तेव्हा सोलापुरातच मुलाकडे राहायची. तिची नात भावजींच्याच शाळेत. तिने दारातूनच ओरडून सांगितलं, "आज्जी, वेळापूरचे तात्या आजोबा गेले, शाळा सुटली!" आपला सख्खा भाऊ गेला आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही, हे ऐकून आत्याचा आकांत सुरू झाला. तिने थेट शाळा गाठली. मुख्याध्यापक आणि दोन शिक्षक तसेही वेळापूरला भेटायला निघतच होते, त्यांनी तिलाही जीपमध्ये घेतलं. फोन करून खात्री करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. मेलेल्या माणसाच्या घरी खात्री करायला कोण फोन करतं?

पुढचं आत्याने इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. गावाची वेस आली तशी आत्याने जीपमधूनच गळा काढला. जीप दाराशी थांबली, आत्या "माज्या दादाऽऽ" करत उतरली, आणि दादा ओट्यावर बसून बोरं खात होते. ते घाईघाईने उठले. "अगं, काय झालं? कोण गेलं?" आत्या बघतच राहिली. मुख्याध्यापकांनी हातातला हार पाठीमागे लपवला. तात्यांनी पुन्हा विचारलं, "आरं, बोला की! कोण गेलं?" शेवटी आत्याच डोळे पुसत म्हणाली, "तुमीच की, दादा."

तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मुख्याध्यापकांना पाणी दिलं, जेवू घातलं. मग खुंटीवरचा पटका डोक्याला बांधला आणि म्हणाले, "चला. मला कुणी मारलं ते बघून येतो." सांत्वनाला गेलेली जीप मेलेल्या माणसाला घेऊन सोलापूरला परत निघाली.

इकडे दिवेलागणीला आमची तालीम सुरू झाली होती. भावजी येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आले आणि नेमका तोच प्रवेश होता, राजाच्या खुनानंतरची सकाळ. खाली माग धडधडत होते. मंदारने खूण केली, भावजी पुढे झाले, "आमचं छत्र गेलं! आमचा बाप गेला!" म्हणून त्यांनी टाहो फोडला आणि त्याच क्षणी वीज गेली. माग बंद. सगळ्या पेठेत फक्त भावजींचं रडणं. ते थांबले नाहीत. मंदार माझ्या शेजारी उभा होता, त्याने माझं मनगट घट्ट धरलं. कारण समोरचा माणूस रडण्याचं सोंग करत होता आणि त्याचा ओठ सांगत होता की हे सोंग नाही. जे आठ-दहा दिवसांत जमलं नव्हतं ते समोर उभं होतं. आणि जिन्यावरून आवाज आला, "एवढ्या मोठ्यानं तर मी खरा मेलो तरी रडायचा न्हाईस तू."

दारात तात्या. मागे आत्या, त्यामागे हार घेऊन मुख्याध्यापक. सुमनकडून पत्ता घेऊन गल्लीत हॉल शोधत फिरत होते, वीज गेली आणि आवाजामागोमाग वर आले. नाटकात कुणी असं लिहिलं असतं तर आम्हीच म्हटलं असतं की जरा अति होतंय.

भावजी जागच्या जागी खिळले. तात्या त्यांच्यासमोर आले आणि त्या उघड्या ओठाकडे बघत राहिले. खिडकीतून येणारा उजेड संपत आला होता. मला वाटलं आता थप्पड बसते. "तात्या... नाटकापायी..." भावजींच्या तोंडून एवढंच निघालं. तात्यांनी एक खुर्ची ओढली, आमच्यासमोर मधोमध ठेवली आणि तीवर बसले. काठी मांडीवर आडवी. म्हणाले, "दाव. कशापायी मारलंस मला ते तरी बघू दे."

आमच्या ह्यांनी दोन कंदील लावले. आम्ही त्या उजेडात, त्या एका प्रेक्षकासाठी, सुरुवातीपासून प्रवेश केले. माझ्या आयुष्यातला तेवढा अवघड प्रयोग दुसरा नाही. भावजी आधी चाचरत होते, मग हळूहळू तात्यांना विसरले, किंवा विसरले नाहीत आणि तरीही करत राहिले. माझं ते वाक्य आलं. दाराआड उभं राहून घाम पुसणाऱ्याला... मी ते पुरतं म्हणायच्या आत तात्यांनी काठी आपटली. "ये पोरी! का टोचतीस त्याला? त्याच्या मनात न्हाय, दिसत न्हाय व्हय तुला?"

मी घाबरून थांबले. मंदार म्हणाला, "तात्या, ते नाटकात आहे." "ठाव हाय मला," तात्या म्हणाले. आणि कुणाकडेच न बघता त्यांनी एक गोष्ट सांगितली. तरुणपणी एका जत्रेच्या फडात त्यांच्यासमोर कोवळा गडी आला होता. कुस्ती संपलेलीच होती, पण भोवतीची माणसं ओरडायला लागली, मर्द हाईस का न्हाय, मर्द हाईस का न्हाय... "माज्या मनात नव्हतं. पर मी हात पिरगाळला. मोडला त्याचा हात. त्याची आई आली फडात, काय बोलली न्हाय, नुसतं माज्या तोंडाकडं बघत व्हती. बाप त्याच साली गेलेला, मिशी उतरलेली, माजा वठ नुसता थडथड उडत व्हता. तवापास्नं कुस्ती सोडली आन् मिशी राखली." मग भावजींकडे वळून म्हणाले, "लई वर्षं झाली, कुणाला दावला न्हाय मी त्यो वठ. तू चारचौघांत दावतुयास. दाव. भारी दावतुयास."

भावजी तात्यांच्या पायाशी बसले, गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि पोरासारखे रडले. तात्यांनी थोपटलं, आणि मग त्यांच्यातला पैलवान परत जागा झाला. "बास आता. आन् ऐक, माज्या नावानं काढायची ती काढून झाली. मी खरा गेलो की मिशीला हात लावायचा न्हाय. दोनदा मरायला मी काय रिकामा हाय?" सगळा हॉल हसला. पहिला हसला तो भावजींचा ओठ, आणि तो सगळ्यांना दिसला. मुख्याध्यापकांनी हाराचं काय करायचं म्हणून इकडे तिकडे बघितलं आणि शेवटी तो तात्यांनाच घातला. तात्यांनी तो मजेत मिरवला.

स्पर्धेतल्या प्रयोगाचंही सांगायला हवं. तात्या पहिल्या रांगेत, आत्या शेजारी. भावजींनी असं काम केलं की विंगेतून बघताना मी माझी एन्ट्री चुकता चुकता राहिले. आणि मग, राजाला मारून, रक्ताने माखलेला हात घेऊन ते माझ्यापाशी आले, थरथरत, आणि म्हणाले, "वहिनी... झालं." नाट्यगृहात हशा फुटला आणि अर्ध्यात थांबला. माझ्यासमोर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघून पुढे हसणं शक्यच नव्हतं. बक्षीस अर्थातच गेलं. एका परीक्षकांनी नंतर मंदारला गंभीरपणे विचारलं की हे दीर-भावजयीचं नातं मूळ संहितेत आहे का. भावजी मात्र खुशीत होते. बाहेर पडताना एका अनोळखी बाईने त्यांना थांबवून सांगितलं होतं, "रात्रभर झोप यायची नाही हो मला तुमच्यामुळं." ते वाक्य त्यांनी बक्षिसासारखं वर्षानुवर्षं सगळ्यांना दाखवलं.

मिशी परत आली, पहिल्यापेक्षा दाट. पण आता ती येत-जात राहिली. भूमिकेला नको असली की काढायची आणि थेट वेळापूर गाठायचं. तात्या ओट्यावरूनच ओरडायचे, "या वख्ती कशापायी मेलो?" शाळेत पुन्हा कुणी मौन पाळलं नाही, याचं पोरांना फार वाईट वाटायचं. आणखी एक बदल झाला, तो फार थोड्यांच्या लक्षात आला असेल. पूर्वी कबड्डीत आपटून रडणाऱ्या पोराला भावजी म्हणायचे, "पोरगी हाईस का रडायला?" त्यानंतर ते पाण्याची बाटली घेऊन पोराच्या शेजारी मातीत फतकल मारून बसायचे. "रडून घे. झालं की सांग, मग खेळू." भावजी गेले त्या दिवशी त्यांचे मोठे झालेले विद्यार्थी अंगणात उभे होते, त्यातल्या एका धिप्पाड पोलिसाने मला हे सांगितलं आणि बिनदिक्कत डोळे पुसले.

तात्या काही वर्षांनी गेले, या वेळी खरेच. सगळ्या भावकीत मिशी ठेवून बसलेला एकटा थोरला मुलगा म्हणजे भावजी. लोक कुजबुजायला लागले. आत्याने बसल्या जागेवरून सगळ्यांना गप्प केलं, "त्यानं आगाऊ काढलीया. दादानंच सांगितलंय."

आणि आता भावजी.

अजित, त्यांचा मुलगा, पुण्याहून दुपारीच पोचला. मोठ्या कंपनीत आहे, हल्लीच्या पोरांसारखी झोकदार दाढी-मिशी राखलेली. त्याने सगळं एकट्याने निभावलं. फोन, दाखला, गाड्या, वेळापूरहून आलेल्यांची जेवणं. डोळ्याला पाणी नाही. येणारा जाणारा म्हणायचा, पोरगं घट्ट आहे, बापावर गेलंय. सुमन ते ऐकून माझ्याकडे बघायची. रात्री तो गच्चीवर एकटा येरझारा घालतो, जेवत नाही, हे तिने मला सांगितलं होतं. "ह्यांना जमायला पन्नाशी आली, ताई," ती म्हणाली. "ह्याला कधी जमायचं?"

दहाव्याच्या आदल्या दिवशी मिशीचा विषय निघाला. सुमननेच सांगितलं, "तुझ्या बाबांनी तात्यांसाठी काढली नव्हती. तूही काढू नकोस, कुणी काही म्हणणार नाही. आपल्या घरातला तो हिशेब तात्यांनीच मिटवलाय." अजित नुसता हं म्हणाला.

दहाव्याला पुरुष माणसं सकाळी घाटावर गेली. आम्ही बायका स्वयंपाकाला लागलो. उन्हं चढल्यावर गाड्या परत आल्याचा आवाज आला. सुमन हात पुसत दाराशी गेली, तिच्यामागे मी. अजित पायरीवर उभा होता, सगळा चेहरा कोरा करून. दाढी नाही, मिशी नाही. "काढली मी," तो म्हणाला. "कुणी सांगितलं म्हणून नाही, आई. मला..." त्याचा वरचा ओठ हलायला लागला. तो हाताने झाकायला गेला, तर सुमनने त्याचा हात धरून खाली घेतला.

ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. अजितच्या गालांवरून आता पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. सुमनने एक बोट त्याच्या ओठावर अलगद ठेवलं आणि माझ्याकडे वळून, रडत आणि हसत, म्हणाली, "ताई, बघा की... हे आले."